लोकसंख्येचा चित्रपट दाखवताना: चार गैरसमज

जगाच्या नकाशावर पांढरे ठिपके उमटत जातात. एक ठिपका म्हणजे दहा लाख माणसे. इसवी सन १ पासून सुरू झालेला हा हिशेब शेवटी नकाशा भरून टाकतो. १९७२ साली अमेरिकेत पहिल्यांदा तयार झालेला ‘वर्ल्ड पॉप्युलेशन’ हा लघुपट वर्गात परिणाम साधतो खरा, पण मुलांच्या मनात काही चुकीचे अर्थही सोडून जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर तो दाखवायचा, तर हे गैरसमज आधी दूर करायला हवेत.

गैरसमज १ : जगाची लोकसंख्या वाढत्या वेगाने वाढते आहे.
वस्तुस्थिती : आकडा वाढतो आहे, वेग मात्र मंदावला आहे. १९६०च्या दशकात वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर होती; आज ती एक टक्क्याहून कमी आहे. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जग आठ अब्जांवर पोहोचले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार २०८०च्या दशकात सुमारे १०.३ अब्जांचा कळस गाठून ही संख्या उतरू लागेल.

गैरसमज २ : आपल्याकडेही माणसे वाढतच आहेत.
वस्तुस्थिती : २००१च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११मध्ये ती ८,४९,६५१ झाली. रत्नागिरीतही घटच झाली. जन्म कमी झाले आणि चाकरमानी मुंबईची वाट धरतच राहिले.

गैरसमज ३ : माणसे घटली, की निसर्गावरचा भार हलका होतो.
वस्तुस्थिती : सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मे महिन्यात देवबाग-तारकर्लीत उतरणारे पर्यटक गावच्या जनगणनेत नसतात. त्यांना लागणारे पाणी, त्यांचे सांडपाणी आणि प्लास्टिक मात्र गावातच असते. जगातही हेच दिसते : सरासरी अमेरिकी माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतीयामागे दोन टनांच्या आसपास. लघुपटात दोघांचा ठिपका सारखाच.

गैरसमज ४ : सक्तीशिवाय जन्मदर घटत नाही.
वस्तुस्थिती : र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लोकांना समजावले. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राने १९७६मध्ये मंजूर केले, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा प्रजननदर स्त्रीमागे १.७ मुले भरला, लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. मुलींचे शिक्षण, बालमृत्यूंतली घट आणि गर्भनिरोधक साधनांची उपलब्धता यांचे हे फळ.

म्हणून शिक्षकांनो, लघुपट संपला की दिवे लावून तास संपवू नका. मुलांना आपल्या वाडीची मोजणी करू द्या : घरात माणसे किती, सुट्टीत पाहुणे किती, विहिरीतून पाणी किती उपसले, कचरा कुठे गेला. माणसे किती, हे चित्रपट सांगतो. ती किती वापरतात, हे वर्गाने शोधायचे आहे.