विश्लेषण : स्लो कुकरमध्ये खीर जमते, मग बासुंदी का फसते?

गॅसजवळ उभे राहायला नको, सारखे ढवळायला नको आणि दूध उतू जाण्याची भीतीही नाही. या तीन कारणांमुळे अनेक घरांत ओट्यावर स्लो कुकर आला. पहिल्या दिवशी तांदळाची खीर झकास होते. त्याच उत्साहात दुसऱ्यांदा बासुंदीसाठी दोन लिटर दूध घातले जाते. चार तासांनी झाकण उघडावे, तर दूध जवळपास तेवढेच! कुकर बिघडला का? नाही. त्याची रचनाच तशी आहे. ती समजून घेतली, तर महागाचे दूध आणि सुकामेवा वाया जाणार नाही.

स्लो कुकर काम कसा करतो?

सिरॅमिकचे जाड भांडे, त्याभोवती विजेवर तापणारे कवच आणि वर काचेचे झाकण, एवढाच हा मामला. शिकागोचे अर्व्हिंग नॅक्सन यांनी १९३६ मध्ये अशा उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते त्यांना मिळाले. लिथुआनियातील ज्यू कुटुंबे साबाथच्या आदल्या दिवशी ‘चोलंट’ या रश्शाचे भांडे बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवत. आईकडून ऐकलेल्या त्या आठवणीतून नॅक्सन यांना कल्पना सुचली. ‘रायव्हल’ कंपनीने १९७० मध्ये त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आणला.

म्हणजे हे यंत्र मुळात रश्शासाठी, ओलावा धरून ठेवण्यासाठी बनले. ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन्हींवर पदार्थ अखेर उकळीच्या जवळपास पोहोचतो. फरक मुख्यतः तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा असतो.

बासुंदी का आटत नाही?

दुधात साधारण ८७ टक्के पाणी असते. बासुंदी म्हणजे त्यातले बरेचसे पाणी उडवणे. कुकरमध्ये वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा दुधात पडतात.

झाकण काढून ठेवले तर? एक लिटर दूध निम्मे करायचे, तर सुमारे अर्धा लिटर पाण्याची वाफ व्हायला हवी. केवळ त्यासाठी ०.३ युनिटहून थोडी जास्त वीज लागते. १५० वॉटच्या कुकरची सगळी उष्णता याच कामी आली, तरी दोन तास जातील. प्रत्यक्षात उघड्या भांड्यातून बरीच उष्णता हवेत जाते, दूध नीट उकळतच नाही आणि ताटकळत बसावे लागते. त्यापेक्षा पसरट कढई बरी.

मग कोणते गोड पदार्थ जमतात?

सोपी कसोटी अशी : पदार्थ ‘शिजवायचा’ असेल तर स्लो कुकर, ‘आटवायचा’ किंवा ‘भाजायचा’ असेल तर कढई.

- तांदळाची खीर : एक लिटर गरम दुधाला भिजवलेला पाव वाटी तांदूळ. ‘हाय’वर साधारण अडीच ते तीन तास. साखर शेवटी.
- गव्हाची खीर : रात्रभर भिजवून भरड केलेला खपली गहू पाण्यात सावकाश मऊ होतो. कित्येक तासांची मंद आच हीच त्याची गरज. गूळ, नारळाचे दूध आणि वेलची नंतर.
- खरवस, कॅरॅमल कस्टर्ड : मिश्रण डब्यात, डबा कुकरमधल्या गरम पाण्यात. आच सौम्य असल्याने जाळी पडण्याची शक्यता कमी.
- गाजर हलवा : अर्धे काम कुकरचे. किसलेले गाजर तासन्‌तास न ढवळता मऊ होते. पाणी आटवणे आणि तुपावर परतणे मात्र कढईतच.

नेहमीच्या कृतीत काय बदलावे?

द्रव पदार्थ कमी घ्या. हलव्याला दुधाऐवजी खवा किंवा दूध पावडर घातली, तर आटवण्याचा वेळ वाचतो. गूळ दुधाच्या खिरीत उकळताना घालू नका, दूध फाटू शकते. कुकर बंद करून खीर जरा निवल्यावर तो घाला. झाकण सारखे उघडू नका, दर वेळी शिजण्याचा वेळ साधारण १५ ते २० मिनिटांनी वाढतो.

केक किंवा ब्रेड पुडिंग करताना झाकणाखाली स्वच्छ सुती कापड ताणून बसवा. थेंब ते टिपून घेते. कापडाची टोके झाकणावर दुमडून ठेवा, तापलेल्या कवचाला लागू देऊ नका. तरीही वरून खरपूस रंग येणार नाही. हा केक वाफवल्यासारखाच होतो.

अमेरिकेतून आणलेला कुकर इथे चालेल का?

मुलगा किंवा बहीण येताना कुकर घेऊन आली असेल, तर आधी तळाची पट्टी वाचा. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. व्होल्टेज जवळपास दुप्पट झाले, की उष्णता दुप्पट नव्हे, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २०० वॉटचा कुकर इथे सुमारे ७३५ वॉट ओढू पाहील. कॉइल जळू शकते, भांडे तडकू शकते, आगही लागू शकते. पिन बदलणारा साधा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. पट्टीवर २३० किंवा २४० व्होल्टचा उल्लेख नसेल, तर पुरेशा क्षमतेच्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो लावू नका.

वीज गेली तर?

४ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जीवाणू झपाट्याने वाढतात आणि दुधाचे पदार्थ लवकर नासतात. घरी असाल, तर भांडे लगेच गॅसवर रिकामे करून पदार्थ पुरा शिजवा. बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली हे कळत नसेल, तर खीर वरून चांगली दिसली तरी टाकून द्या. ‘वॉर्म’ बटण तयार पदार्थ गरम ठेवण्यासाठी असते, शिजवण्यासाठी नव्हे. उरलेली खीरही स्लो कुकरमध्ये गरम करू नका, गॅसवर उकळी आणा.

खर्चाचे म्हणाल, तर २०० वॉटचा कुकर तीन तास चालला, की ०.६ युनिट वीज लागते. तेवढ्यात खीर होते आणि ती होईपर्यंत गॅसजवळ कुणाला उभे राहावे लागत नाही. बासुंदीसाठी मात्र आजही कढई, उलथने आणि थोडा धीर लागतोच.