काळ्या चिकट मातीची सव्वाशे वर्षे

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डॅलसच्या उत्तरेपासून थेट सॅन अँटोनिओपर्यंत काळ्या जमिनीचा एक लांबलचक पट्टा आहे. त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. या पट्ट्यात सुमारे १५ लाख एकरांवर ‘ह्यूस्टन ब्लॅक’ नावाची माती पसरली आहे. अंगात भरपूर चिकण, वर एके काळी पुरुषभर उंचीचे गवत आणि खाली समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा खडक, अशी तिची घडण. भेगाळणाऱ्या काळ्या मातीचा दाखला द्यायचा झाला की जगभरचे मृदाशास्त्रज्ञ हिचेच नाव घेतात. सव्वाशे वर्षांत शास्त्राने तिचा वर्ग अनेकदा बदलला. आधी खडक पाहिला, मग रंग पाहिला, आणि फार उशिरा तिची वागणूक पाहिली. हा प्रवास दख्खनच्या काळ्या रानात राबणाऱ्यांनीही समजून घ्यावा असा आहे.

सुरुवात रॉबर्ट हिल या भूवैज्ञानिकापासून करावी लागते. १९०१ मध्ये त्याचा ब्लॅक आणि ग्रँड प्रेअरींवरचा प्रचंड अहवाल अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापला. क्रिटेशस काळात हा सगळा मुलूख उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्रात साचलेले शेल, चॉक आणि मार्ल, म्हणजे चुना मिसळलेल्या चिकणमातीचा मऊ खडक, यांचे थर आग्नेयेकडे, मेक्सिकोच्या आखाताच्या दिशेने हलकेच कललेले आहेत. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेले की एकेक थर पायाखाली येतो आणि जमिनीचा पोत त्याप्रमाणे बदलतो. ऑस्टिन चॉकवर माती उथळ, जागोजागी पांढरा खडक उघडा पडलेला. टेलर मार्लवर मात्र दीड-दोन मीटर खणले तरी काळे संपत नाही. हिलने ही सांगड इतकी नीट बसवली की आजही त्या भागाचा मृदा नकाशा वाचायला बसणारा आधी खाली कोणता थर आहे ते पाहतो.

पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, अमेरिकी कृषी खात्याच्या मृदा सर्वेक्षणात ह्यूस्टन ब्लॅक हे नाव दाखल झाले. सर्वेक्षणाचे काम जेमतेम तीन वर्षांपूर्वी सुरू झाले होते आणि त्याची रीत सरळ होती: पोत पाहायचा, रंग पाहायचा, खडक पाहायचा आणि नाव द्यायचे.

शेतकऱ्यांनी तिला त्याआधीच नाव दिले होते. ते तिला ‘ब्लॅक वॅक्सी’ म्हणत, मेणासारखी चिकट काळी. पहिली वस्ती गुराढोरांवर जगणाऱ्यांची होती, कारण गवताच्या मुळांची जाड गादी साध्या नांगराला फुटत नसे. पोलादी नांगर आले, १८७२ मध्ये रेल्वे डॅलसला पोचली आणि सगळा नूर पालटला. दोन पिढ्यांत कुरणे उलथली आणि जिकडेतिकडे कापूस उभा राहिला. जमीन सुपीक होती, पण धार्जिणी नव्हती. पावसानंतर गाडीची चाके आसापर्यंत रुतायची, आणि चार दिवस कडक ऊन पडले की तीच जमीन नांगराच्या फाळाला दाद देत नसे. मधला वापसा साधला तर पेरणी, नाहीतर खोळंबा. कापसाची झाडे उभ्या उभ्या वाळायची तेही याच रानांत. १८८८ मध्ये एल. एच. पॅमेल यांनी या मूळकुजीचा अभ्यास केला. तिला कारण असलेली बुरशी अशा चुनखडीयुक्त, अल्कधर्मी चिकण जमिनीतच चांगली फोफावते, हे पुढे पक्के झाले.

या घाईत एक गोष्ट हातची गेली. न नांगरलेल्या प्रेअरीवर जमीन सपाट नसे. उंचवटा, खळगा, पुन्हा उंचवटा, अशी काही मीटरांवर येणारी लाटच ती असे. दोहोंच्या उंचीत फरक साधारण वीतभराचा. पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचे आणि तिथले गवतही वेगळे असे. डुकरे लोळून हे खळगे झाले, असे वसाहतकरी समजत. आज या रचनेला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या भाषेतून आलेले ‘गिलगाई’ हे नाव जगभर चालते. ही माती काय करते याचा तो ढळढळीत पुरावा होता. नांगराने तो काही हंगामांत पुसून टाकला. ब्लॅकलँड प्रेअरी मूळची सुमारे १ कोटी २० लाख एकरांची. तिच्यातली १ टक्काही आता शिल्लक नाही. हंट काउंटीतल्या क्लायमर मेडोसारख्या राखलेल्या तुकड्यांत तेवढी ती लाट अजून पाहायला मिळते.

धूप सुरू झाल्यावर सरकार जागे झाले. १९३० च्या दशकात टेम्पल इथे धूप-संशोधन केंद्र उभे राहिले आणि दशकाच्या अखेरीस रायझेल गावाजवळ लहान लहान पाणलोटांवर पाऊस व वाहून जाणारे पाणी मोजायला सुरुवात झाली. ते मोजमाप आजही चालू आहे. या दीर्घ नोंदींतून जे हाती आले ते वरवर अगदी साधे आहे. उन्हाळ्याने भेगाळलेली जमीन पहिला पाऊस गटागटा पिऊन टाकते. भेगा मिटल्या की तीच जमीन पाण्याला वाट देत नाही आणि उरलेला सगळा पाऊस माती घेऊन ओढ्याला जातो. म्हणजे एकाच शेतात पाणी मुरण्याचा वेग जमीन कोरडी आहे की ओली यावर ठरतो. टेम्पलच्याच शास्त्रज्ञांनी पुढे ‘स्वॅट’ हे पाणलोटाचे गणिती प्रारूप घडवले. भारतातही नद्यांच्या खोऱ्यांच्या अभ्यासात ते सर्रास वापरले जाते.

वर्गीकरण मात्र मागेच राहिले होते. १९३८ च्या अमेरिकी पद्धतीत या मातीची गणना रेंडझिना गटात झाली. चुनखडीच्या खडकावरची गडद माती, एवढ्या बळावर. मला हा त्या काळातला सर्वांत चुकलेला निर्णय वाटतो. रेंडझिना म्हणजे खडकावर बसलेला मातीचा पातळ, स्थिर थर. ह्यूस्टन ब्लॅक खोल आहे आणि दरवर्षी हलते.

ही चूक १९५० मध्ये हार्वे ओक्स आणि जेम्स थॉर्प यांनी दाखवून दिली. टेक्सासची काळी, भारताची रेगुर आणि मोरोक्कोतली तिर्स या उष्ण प्रदेशांतल्या गडद चिकण माती त्यांनी एका निबंधात शेजारी मांडल्या आणि ‘ग्रुमुसॉल’ नावाचा स्वतंत्र गट सुचवला. दख्खनची काळी आणि टेक्सासची काळी यांची सोयरीक अमेरिकी वर्गीकरणात इथे जुळली, आणि ती खडकाच्या नात्याने जुळलेली नव्हती. आपल्याकडे खाली बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला अग्निज खडक. तिकडे समुद्री गाळ. बेसॉल्ट झिजून स्मेक्टाइट नावाचे फुगणारे चिकणखनिज तयार होते. मार्लमध्ये ते गाळ साचतानाच आलेले असते. दोन्हीकडे ते विपुल, दोन्हीकडे ओला आणि कोरडा ऋतू आलटून पालटून, म्हणून दोन्हीकडे माती सारखीच वागते.

१९६० मध्ये गाय स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली नव्या वर्गीकरणाचा ‘सातवा मसुदा’ आला आणि त्यात व्हर्टिसॉल हा स्वतंत्र गण ठरला. १९७५ च्या ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’त तो कायम झाला. निकष वागणुकीचे होते: किमान ३० टक्के चिकण, ऋतूप्रमाणे उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा आणि आत घसरणीच्या खुणा. ह्यूस्टन ब्लॅकमध्ये चिकण ४० ते ६० टक्के. वर्षात किती दिवस भेगा उघड्या राहतात यावर उपगण ठरवला, ही मला या पद्धतीतली सर्वांत डोळस तरतूद वाटते.

या खुणा पाहायच्या तर खड्ड्यात उतरावे लागते. वरचा थर कोरडा असताना बारीक, दाणेदार आणि भुसभुशीत. खाली हातभर गेले की ढेकळे पाचरीच्या आकाराची होतात. ती निखळून हातात घेतली की एक बाजू तुकतुकीत चमकते आणि तिच्यावर एकाच दिशेने ओढलेले बारीक ओरखडे दिसतात. फुगलेली माती शेजारच्या मातीवर तिरकी घासत वर सरकली, त्याच्या त्या खुणा. खळग्याखाली काळा रंग खोलवर उतरलेला असतो, तर उंचवट्याखाली मार्लची फिकट, चुन्याचे खडे असलेली माती वर चढलेली. दोन पावलांच्या अंतरावर दोन वेगळ्या जमिनी वाटाव्यात इतका फरक.

याच फरकाने १९७५ च्या पद्धतीला पेचात टाकले. तिने व्हर्टिसॉलचे पोटभेद रंगावर पाडले होते. ह्यूस्टन ब्लॅक गडद, म्हणून पेल्युस्टर्ट. शेजारच्या उतारावरची हायडन किंचित फिकट, म्हणून क्रोमुस्टर्ट. शेतकरी दोन्हींत तेच पीक घेत होता आणि दोन्ही तशाच भेगाळत होत्या. व्हेनेझुएलाचे हुआन कोमेर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या आंतरराष्ट्रीय समितीने अनेक देशांतल्या अनुभवांवरून फेरविचार केला आणि १९९२ मध्ये या पातळीवरून रंगाची कसोटी गेली. ह्यूस्टन ब्लॅक आणि हायडन दोन्ही ‘उडिक हॅप्लुस्टर्ट’ झाल्या.

हालचालीच्या कारणाबद्दलही मत बदलले. वरची भुगा माती भेगांत पडते, पाऊस आला की तळाला जागा कमी पडते आणि खालची माती वर ढकलली जाते, असे हळूहळू सगळी माती उलथते, हे जुने स्पष्टीकरण. पण रेडिओकार्बनने वय काढल्यावर सेंद्रिय कर्ब खोलीबरोबर जुना होत जातो असे दिसले. माती पूर्ण घुसळली जात असती तर तसे दिसले नसते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे लॅरी विल्डिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात फुगण्याच्या दाबाने तिरकी घसरण होते यावर भर दिला. आज तेच मत मुख्य मानले जाते.

दरम्यान शेतांच्या जागी शहरे आली. डॅलसमध्ये उन्हाळ्यात लोक घराच्या पायालगत झिरपती नळी पसरून जमीन ओली ठेवतात, कारण खालची माती आकसली की फरशी आणि भिंती तडकतात.

आपल्याकडे १९७६ मध्ये नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो स्थापन झाला. दख्खनच्या काळ्या मातीवर तिथे झालेले काम जगात मानाने वाचले जाते. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याची काळी सोडिक हॅप्लुस्टर्ट ठरली. सोडियममुळे तिथे पाणी मुरतच नाही. हे ज्ञान बांधापर्यंत मात्र पुरते पोचलेले नाही. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळून बारा गोष्टी असतात. जमीन किती खोल, चिकण किती, फुगते किती, पाणी किती वेगाने मुरते, हे तिच्यात नसते. भारी काळीत संत्र्याची बाग मूळकुजीने बसते ती बहुधा यातल्याच एखाद्या कारणाने, आणि पत्रिकेतले नत्र-स्फुरदाचे आकडे त्यावर काही सांगत नाहीत. म्हणून नवी बाग लावण्याआधी किंवा घराचा पाया घेण्याआधी उन्हाळ्यात एक खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा. भेगा कुठवर जातात ते काठी घालून मोजा, तुकतुकीत ढेकळे किती खोलीवर लागतात ते पाहा, चुनखडी कुठे सुरू होते त्याची नोंद ठेवा, आणि मगच रोपवाटिकेत किंवा गवंड्याकडे जा.