नामफलक आणि कर्मभूमी
(मुरबाड तालुक्यातील एका उदाहरणावरून)

रस्ता, चौक, उद्यान किंवा क्रीडांगण यांस एखाद्या नामांकित खेळाडूचे, अथवा तरुणांस घडविणाऱ्या गुरूचे नाव देण्याची चाल आता सर्वत्र रूढ झाली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ही नावे केवळ गौरवाची खूण मानून पुढे जाऊ नये. स्थळनाम हेही एक साधनच आहे; आणि एखादी सनद हाती आली असता जे प्रश्न आपण तिला विचारतो, तेच यालाही विचारले पाहिजेत. नाव कोणी दिले, केव्हा दिले, आणि ज्याचे ते नाव आहे तो पुरुष त्या भूमीवर कधी वावरला होता काय?

जुन्या काळी हे नामकरण ठराव करून होत नसे. पुण्यातील नगरकर तालीम, निंबाळकर तालीम, खालकर तालीम, चिंचेची तालीम ही नावे पाहावीत. तेथे तालमी होत्या, पोरे अंगाला माती लावून घुमत होती, म्हणून चौकास ते नाव पडले. ‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. ‘वस्ताद’ हे फारसी ‘उस्ताद’ याचे आपल्या तोंडी बसलेले रूप होय. तेव्हा अशा चौकाच्या नावात शिकविण्याचा उल्लेख आपोआपच येतो. लहुजी साळवे यांस लोक आजही ‘लहुजी वस्ताद’ म्हणतात. दांडपट्टा व निशाणबाजी जोतीराव फुले त्यांच्यापाशी शिकले. लहुजींचे देहावसान १८८१ साली झाले आणि पुण्यात संगमवाडीस त्यांची समाधी आहे. त्यांस ही पदवी कोणत्या सभेने दिली नव्हती. ती शिष्यांच्या तोंडून आली.

ठरावाने दिलेल्या नावाची गोष्ट निराळी. ठाणे शहरातील, १९८२ साली झालेल्या मोठ्या क्रीडाप्रेक्षागृहास दादोजी कोंडदेव यांचे नाव आहे. शिवछत्रपतींस बालपणी शिक्षण देणारा गुरू, ही त्यांची सर्वपरिचित प्रतिमा या नावामागे उघड दिसते. परंतु समकालीन कागदांत दादोजी आढळतात ते कोंडाण्याचे सुभेदार आणि पुणे प्रांताचा कारभार पाहणारे अधिकारी म्हणून. गुरुपणाची हकीकत मुख्यत्वे उत्तरकालीन बखरींतून आली आहे. या प्रश्नावर पुढे मोठा वाद झाला. उत्कृष्ट क्रीडामार्गदर्शकास देण्यात येणाऱ्या राज्य पुरस्कारातून त्यांचे नाव गेले, आणि २०१० च्या डिसेंबरात पुण्याच्या लाल महालातील त्यांचा पुतळा हलविण्यात आला. वादाच्या बऱ्यावाईटात आम्ही येथे शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तीन शतकांनंतर दिलेले नाव त्या पुरुषाविषयी पुरावा होऊ शकत नाही. ते देणाऱ्या पिढीविषयी मात्र पुष्कळ सांगते. त्याच ठाण्यात बॅडमिंटनच्या एका सभागृहास खंडू रांगणेकर यांचे नाव आहे. हे गृहस्थ क्रिकेटपटू. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात हिंदुस्थानच्या संघातून तीन कसोटी सामने खेळले, आणि १९८४ साली ठाण्यासच वारले. खेळ बदलला तरी गाव बदलले नाही, हे त्या नावाचे बळ म्हणावयाचे.

आता मुरबाडकडे वळू. मुरबाडहून म्हसा गावावरून पुढे गेले म्हणजे भीमाशंकराच्या डोंगररांगेस टेकून उभा असलेला सिद्धगड दिसू लागतो. त्याच्या परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण पडले: विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील. कोतवालांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानास एका नाभिक कुटुंबात झाला. कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांनी आपला वेळ आसपासच्या शेतकऱ्यांच्या व आदिवासींच्या मुलांसाठी शाळा चालविण्यात घातला. उपासमारीच्या महिन्यांत सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या. १९४१ साली ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पुढल्या वर्षीच्या चळवळीत भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभारला, आणि मुंबईच्या गिरण्यांस व आगगाड्यांस वीज नेणारे मनोरे पाडण्याचे काम या दस्त्याने त्या पावसाळ्याअखेरपासून चालविले. हिराजी हे कर्जत तालुक्यातील मानिवलीचे. त्यांचे वडील गोमाजी पाटील हेही दस्त्यात होते. ज्याने मुलांस अक्षरे शिकविली त्याच्याच पाठोपाठ गावचे तरुण डोंगरात गेले, ही गोष्ट मनोरे पाडण्याच्या हकीकतीखाली नेहमी झाकली जाते. आमच्या मते हेच त्यांच्या कार्याचे मूळ होय.

मुंबईत दादर येथे, प्लाझा चित्रपटगृहाजवळ, ‘वीर कोतवाल उद्यान’ आहे. लोकांच्या बोलण्यात ते केव्हाच ‘कोतवाल गार्डन’ झाले. येथे नावाने एक विलक्षण वळण घेतले आहे. आमच्या खेड्यांत कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावसेवक; शहरांच्या जुन्या इतिहासात कोतवाल म्हणजे पोलिसांचा मुख्य. पोलिसांच्या गोळीने ज्याचा अंत झाला, त्याच्या नावाच्या बागेत बसून एखाद्याने ती कोणा पोलीस अंमलदाराची समजावी, इतके हे नाव आपल्या मुळापासून तुटू शकते. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक लागते. सिद्धगडाच्या पायथ्याशी दरवर्षी २ जानेवारीस पहाटे लोक जमतात, तेव्हा कोतवाल व पाटील ही दोन्ही नावे एकत्र उच्चारली जातात. दादरला पोहोचेपर्यंत त्यांतील एकच शिल्लक राहिले.

त्याच दादरात, या बागेपासून फार दूर नव्हे, शिवाजी पार्कवर क्रिकेटचे गुरू रमाकांत आचरेकर यांचे स्मारक डिसेंबर २०२४ मध्ये उघडण्यात आले. आचरेकरही योगायोगाने २ जानेवारीसच, २०१९ साली, वारले. ज्या मैदानावर त्यांनी मुलांस फलंदाजी शिकविली त्याच्याच दाराशी हे स्मारक आहे, म्हणजे जुन्या तालमीच्या चौकासारखाच हा प्रकार. तेथे फलक निखळून पडला तरी मैदान साक्ष देत राहील. कोतवालांच्या शाळा माथेरानच्या परिसरात, मृत्यू मुरबाड तालुक्यात आणि नाव दादरला, अशी फारकत झाल्यामुळे तेथे सगळा भार फलकावरील अक्षरांवरच येतो.

म्हणून ज्या गावी या पुरुषांचे नाव रस्त्यास अगर चौकास द्यावयाचे असेल, तेथे नुसते आडनाव घालू नये. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरान. हिराजी गोमाजी पाटील, मानिवली. शाळा, धान्यकोठ्या, आझाद दस्ता. सिद्धगड, तालुका मुरबाड, २ जानेवारी १९४३, एवढा मजकूर एका हातभर दगडावर सहज मावतो.