‘एक्स्टिरिअर’ : एका विस्मृत विशेषणाचा अर्थ

‘एक्स्टिरिअर’ हा इंग्रजी शब्द आज आपल्याला रंगाच्या डब्यावर वाचावयास मिळतो. इमारतीची बाहेरची बाजू, एवढाच त्याचा अर्थ. १९३१ च्या जनगणनेच्या अहवालात मात्र हे विशेषण माणसांना लावलेले आहे : ‘एक्स्टिरिअर कास्ट्स’. ही माणसे म्हणजे आपले आजोबा-पणजोबा.

त्यापूर्वी रूढ नाव होते ‘डिप्रेस्ड क्लासेस’. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत स्थापन केलेल्या मिशनच्या नावात तेच होते. परळच्या दामोदर हॉलमधून चालणाऱ्या बहिष्कृत हितकारिणी सभेचा इंग्रजी कागदपत्रांतील उल्लेखही ‘डिप्रेस्ड क्लासेस इन्स्टिट्यूट’ असाच आढळतो. पण ‘डिप्रेस्ड’ म्हणजे दबलेला, खचलेला. गरीब व अशिक्षित असा कोणत्याही जातीचा मनुष्य त्यात बसतो. अस्पृश्यतेचा त्यात पत्ताच नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे नाव मान्य नव्हते. नोव्हेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेपुढे त्यांनी व राव बहादूर श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन ठेवले, त्यात ‘नॉन-कास्ट’, ‘प्रोटेस्टंट’ किंवा ‘नॉन-कन्फर्मिस्ट’ हिंदू असे पर्याय सुचविले होते. (‘नॉन-कन्फर्मिस्ट’ म्हणजे इंग्लंडात राजमान्य चर्चची उपासनापद्धती नाकारणारे, १६६२ च्या कायद्याने त्यांचे सुमारे दोन हजार धर्मोपदेशक पदच्युत झाले. शब्द बाणेदार खरा, पण इकडे तो कोणाला उमगणार?) पुढे १ मे १९३२ रोजी लोथियन समितीला दिलेल्या टिपणात बाबासाहेबांनी ‘डिप्रेस्ड’ हे नाव हीनतादर्शक असल्याची हरकत नोंदवली व ‘एक्स्टिरिअर’ पसंत केले. कारण अस्पृश्य हिंदू धर्माच्या आत गणला जातो आणि हिंदू समाजाच्या बाहेर ठेवला जातो. ही नेमकी स्थिती तो शब्द सांगतो. शिवाय आर्थिक वा शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या स्पृश्यापासून त्याला वेगळेही करतो.

हा शब्द प्रथम आसामच्या जनगणना अधीक्षकांनी सुचविला. जनगणना आयुक्त हटन यांनी तो देशभरासाठी स्वीकारला. ‘आउटकास्ट’ का नको, याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मार्मिक आहे. ‘आउटकास्ट’ म्हणजे काही अपराधासाठी जातीतून काढलेला, आपल्या भाषेत वाळीत टाकलेला. तो मुळात आत असतो आणि प्रायश्चित्त घेऊन परतूही शकतो. ‘एक्स्टिरिअर’ला कोणी आत घेतलेलेच नसते.

व्याकरणाच्या काट्यावर तोलले, तर मराठीतला ‘बहिष्कृत’ हा शब्द ‘आउटकास्ट’च्या जवळ जातो. तरी सभेच्या नावात आणि १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्रात बाबासाहेबांनी तोच वापरला. माझ्या मते तो अधिक जोरकस आहे. ‘एक्स्टिरिअर’ केवळ जागा दाखवतो. ‘बहिष्कृत’ हे कर्मणी रूप आहे, ते उच्चारताच बहिष्कार घालणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो. सरकारी दप्तराला अर्थातच पहिला शब्द सोयीचा.

तोही फार टिकला नाही. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड’ हा शब्द आणला. त्यात वर्णन मुळीच नाही; यादीत नाव आहे, एवढेच तो सांगतो. आणि ३१ मे १९३६ रोजी दादरजवळच्या नायगाव येथे, मुंबई इलाखा महार परिषदेत, बाबासाहेबांनी ‘धर्माच्या आत’ हा त्या वर्णनाचा उरलेला अर्धा भागच चर्चेला घेतला.