'अपना टाइम आएगा' : कीर्ती आणि किंमत

(बी. कॉम., अंतिम वर्ष)

रंकाचा राव झालेली गोष्ट कोणाला आवडत नाही? श्रावणातल्या कहाण्यांमधला आटपाट नगरातला दरिद्री ब्राह्मण कहाणी संपेपर्यंत धनधान्याने संपन्न होतो, आणि ऐकणाऱ्या बायका समाधानाने हातातल्या अक्षता वाहतात. आमच्या पिढीने कहाण्या सोडल्या, पण ही आवड काही सोडली नाही. कहाणीची जागा आता रॅप गाण्याने घेतली आहे. 'गली बॉय' चित्रपटातले 'अपना टाइम आएगा' हे २०१९ सालचे गाणे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. गॅदरिंगमध्ये ते वाजते, फोनच्या रिंगमध्ये वाजते, आणि हे तीन शब्द जुन्या हुबळीतल्या रिक्षांच्या पाठीवरही वाचायला मिळतात. एवढी कीर्ती या गाण्याच्या वाट्याला आली ती योग्य आहे का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे हिशेबाची भाषा अधूनमधून डोकावेल; वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

ज्या प्राध्यापकांना 'रॅप' म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा. रॅप म्हणजे तालावर केलेले यमकबद्ध बोलणे. सूर गौण, शब्द आणि लय मुख्य. कीर्तनात कटाव ऐकला असेल त्यांना हा प्रकार अगदी परका वाटू नये. अठराव्या शतकातील अमृतरायांचे कटाव असेच वेगाने, यमकांची माळ ओवीत पुढे धावतात. हिप-हॉपचा जन्म मात्र न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेता यावेत म्हणून आपल्या इमारतीत एक पार्टी ठेवली. मुलींना प्रवेश २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. इतक्या मोठ्या कलाप्रकाराचा आरंभ कपड्यांच्या पैशांसाठी लावलेल्या तिकिटापासून व्हावा, ही गोष्ट आम्हा कॉमर्सवाल्यांना फार आवडते. पुढे १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्यांच्या साथीदारांच्या 'द मेसेज' या गाण्याने वस्तीतली गरिबी उघडपणे गाण्यात आणली.

गरिबीतून श्रीमंतीकडे जाणाऱ्या रॅप गाण्याचा नमुना म्हणून जगभर ज्याचे नाव घेतात ते 'ज्यूसी' हे गाणे १९९४ चे. गायक ब्रुकलिनचा ख्रिस्तोफर वॉलेस, म्हणजे 'नोटोरियस बी.आय.जी.'. २०१९ मध्ये बीबीसीने समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा हेच गाणे पहिले आले. हे गाणे म्हणजे जणू एक ताळेबंद आहे. आरंभीची शिल्लक : जेवायला डब्यातली मासळी, घरात ऊब नाही, घरमालकाचा अपमान, सुना गेलेला नाताळ. अखेरची शिल्लक : मोठा टीव्ही, व्हिडिओ गेम, गाडी आणि ड्रायव्हर, हजारोंचे फोनबिल. वस्तूंची नावे आणि आकडे दिलेले असल्यामुळे ऐकणाऱ्याचा विश्वास चटकन बसतो.

पण लेखापरीक्षण केले तर काय दिसते? वॉलेसची आई व्होलेटा शिक्षिका होती, आणि आपल्या घरी गाण्यात म्हटली आहे तितकी ददात नव्हती, असे तिने पुढे स्पष्ट सांगितले. म्हणजे आरंभीची शिल्लक कमी दाखवली. दुसरीकडे, 'ज्यूसी' हे त्याच्या पहिल्याच अल्बममधून बाहेर आलेले पहिले सिंगल. ते बाहेर पडले तेव्हा ती श्रीमंती अजून यावयाचीच होती. म्हणजे अखेरची शिल्लकही फुगवलेली! होऊ घातलेली गोष्ट त्याने घडून गेल्यासारखी सांगितली. पुढे पैसा खरोखरच आला, पण ९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचा गोळ्या घालून खून झाला. वय अवघे २४. तेव्हा या जातीच्या गाण्यातला हिशेब तंतोतंत नसतो, हे आपण आधीच धरून चालले पाहिजे.

आता मुंबईकडे येऊ. कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ 'नेझी' याने वडिलांनी दिलेल्या आयपॅडवरच ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण करून २०१४ मध्ये 'आफत' हे गाणे काढले. अंधेरी पूर्वेचा विवियन फर्नांडिस ऊर्फ 'डिव्हाइन' याचे 'ये मेरा बॉम्बे' त्याच सुमाराचे. २०१५ मध्ये दोघांनी मिळून 'मेरे गली में' केले. झोया अख्तर यांना 'गली बॉय'ची प्रेरणा मिळाली ती या दोघांवरून. चित्रपट १४ फेब्रुवारी २०१९ रोजी भारतात प्रदर्शित झाला. धारावीत राहणारा, ड्रायव्हरचा मुलगा मुराद कॉलेजात शिकता शिकता रॅपर होतो, अशी कथा. त्याच्या आईचे काम आपल्या अमृता सुभाष यांनी केले आहे. मुराद शेवटच्या कार्यक्रमात जे गातो ते आपले गाणे. शब्द डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांचे, संगीत डब शर्मा आणि डिव्हाइन यांचे, आवाज मात्र नायक रणवीर सिंग यांचाच.

येथे पहिला आक्षेप उभा राहतो. गल्लीतल्या पोराचे गाणे हिंदी चित्रपटाच्या आघाडीच्या नटाने गावे हे कितपत योग्य? रॅपमध्ये गाणारा आपलीच गोष्ट सांगतो असा संकेत आहे. पार्श्वगायन तेथे चालत नाही. मला मात्र हा आक्षेप फारसा जड वाटत नाही. हे पात्राचे गाणे आहे, आणि नाटकातला हरिश्चंद्र स्वतः राजा असावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'ज्यूसी'मध्ये वस्तू आहेत, 'मेरे गली में'मध्ये गल्ली आहे. 'अपना टाइम आएगा'मध्ये काय आहे? राख, उड्डाण, आकाश, स्वप्न, घाम, साखळदंड. पेरावे तसे उगवते ही म्हणही आहे. धारावीचा पत्ता नाही, भाडे नाही, नळावरची रांग नाही, दारूचा गुत्ता नाही, बापाची मारहाण नाही. चित्रपटात हे पुष्कळ आहे; गाण्यात नाही. शब्द इतके सर्वसाधारण आहेत की कोचिंग क्लासच्या जाहिरातीलाही ते सहज चिकटवता येतील. एका ठिकाणी मात्र गाणे एकदम वर उठते. माणूस उघडाच आला आणि जाताना काहीच बरोबर नेणार नाही, हा संतांनी हजारदा सांगितलेला विचार गाण्याने एका अस्सल मुंबईच्या शिवराळ शब्दात टाकला आहे. श्रीमंतीची आस धरणाऱ्या गाण्याने श्रीमंतीच बरोबर येत नाही असे म्हणावे, हे विलक्षण आहे. पण ही एक चमक. बाकीचे शब्द ठोकळेबाज आहेत, असे माझे मत आहे.

म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला झालेल्या फिल्मफेअर समारंभात उत्कृष्ट गीताचे पारितोषिक याला मिळाले तेव्हा वाद झाला. 'गली बॉय'ने त्या रात्री १३ पारितोषिके मिळवून विक्रम केला होता. 'केसरी' चित्रपटातील 'तेरी मिट्टी'चे गीतकार मनोज मुंतशिर यांनी, यापुढे आपण कोणत्याही पुरस्कार सोहळ्याला जाणार नाही, असे जाहीर केले. कागदावर वाचायचे ठरवले तर 'तेरी मिट्टी' सरस आहे, हे मी मान्य करीन. पण रॅप कागदावर वाचायचा नसतो. कटाव कीर्तनकाराच्या तोंडून काढून घेतला तर काय उरते?

या गाण्याचे खरे सामर्थ्य मला त्याच्या नावातच दिसते. दोन भाषांत वावरणाऱ्याला ते लवकर जाणवते. 'अपना टाइम आएगा' मराठीत करून पाहा. 'आपली वेळ येईल' म्हटले तर अंगावर काटा येतो! मराठीत 'वेळ येणे' बहुधा वाईटच. कोणावर भीक मागायची वेळ येते, कोणावर घर विकायची. 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' ही म्हण तर सर्वांना ठाऊक आहे. आशेचे बोलायचे तर आपण 'आपलेही दिवस येतील' असे म्हणतो. कन्नडमध्ये उलट 'काल कूडि बरबेकु' म्हणतात. काळ जुळून यावा लागतो. तेथे काळ शुभ आहे, मराठीत तोच काळ यम आहे. इंग्रजी 'टाइम' या उसन्या शब्दाला असले कोणतेच ओझे नाही, म्हणून तो मराठी, कन्नड, तमिळ, उर्दू बोलणाऱ्या सर्वांना सारखा चालतो. आणि 'अपना'? मुंबईच्या बोलीत 'अपना' म्हणजे माझा आणि आपला सर्वांचाही, आपल्या 'आपला'सारखाच. 'ज्यूसी'मध्ये 'मी' आहे. मी वर आलो, तुम्ही बघा. येथे गाणारा ऐकणाऱ्याला पंगतीत बसवून घेतो. तीन शब्दांत एवढे साधणे सोपे नव्हे. हजारो मुले एका सुरात जे म्हणतात ते या 'अपना'साठी म्हणतात.

दुसरे असे की गाणे भविष्यकाळात आहे. 'आला' म्हणत नाही, 'येईल' म्हणते. हिशेबाच्या भाषेत 'ज्यूसी' हा फुगवलेला ताळेबंद असेल, तर 'अपना टाइम आएगा' ही वचनचिठ्ठी आहे. आणि वचनचिठ्ठी हातात आली की आम्हाला शिकवलेले दोन प्रश्न लगेच विचारावे लागतात. देणारा कोण? आणि मुदत किती? गाण्यात दोन्हींचे उत्तर नाही.

हा नुसता शब्दच्छल नाही. आमच्या गल्लीत एक दादा आहेत. पदवी होऊन सहा वर्षे झाली, स्पर्धा परीक्षा देत आहेत. अभ्यासात कधी कसूर नाही. त्यांच्या फोनची रिंग हेच गाणे आहे. पूर्वी ती वाजली की ते हसत. आता घाईघाईने फोन बंद करतात. कष्ट केले की फळ मिळतेच असे गाणे सांगते, तेव्हा फळ न मिळालेल्या माणसाला ते नकळत असेही सांगत असते की तुझेच कष्ट कमी पडले. जागा किती आणि उमेदवार किती, हे काही गाणे सांगत नाही.

चित्रपटाने मात्र ते सांगितले आहे, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. मुरादचा मित्र मोईन त्याच वस्तीतला, तितकाच हुशार, कदाचित अधिक धीट. मुराद स्टेजवर जातो, मोईन गाड्यांच्या चोऱ्यांपायी तुरुंगात. त्याच वह्या, तीच गल्ली; एक खाते जमेचे, एक बुडीत. आपण जमेचे खाते गातो आणि बुडीत खात्याचे पान उलटून टाकतो. व्यापारात असे करणाऱ्याचे दिवाळे निघते.

वर आलेल्या माणसाने आपली गोष्ट कशी सांगावी याचे उदाहरण शोधायला आपल्याला मुंबईला जायचे कारण नाही. विदुषी गंगूबाई हनगल १९२८ मध्ये कुटुंबाबरोबर धारवाडहून हुबळीला आल्या आणि येथून रेल्वेने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. २००२ मध्ये पद्मविभूषण झाल्या. त्यांच्या कन्नड आत्मकथनाचे नावच 'नन्न बदुकिन हाडु', माझ्या जगण्याचे गाणे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर त्या लहान वयात गायल्या. जातीमुळे आपल्याला उष्टी पाने काढायला तर सांगणार नाहीत ना, अशी धास्ती तेव्हा मनात होती, असे त्यांनी सांगितले आहे. मोठेपण मिळाल्यावरही ती धास्ती त्यांनी खोडून टाकली नाही. मराठीत नारायण सुर्वे पाहा. गिरणी कामगाराने वाढवलेले हे अनाथ मूल. त्यांनी १९६६ मध्ये कवितासंग्रहाला नाव दिले 'माझे विद्यापीठ'. विद्यापीठ कोणते, तर रस्ता आणि कारखाना. दोघांच्याही सांगण्यात पत्ता आहे, दिवस आहेत, माणसे आहेत. 'अपना टाइम आएगा'त नेमके तेच कमी आहे.

मग निकाल काय द्यावा? काव्य म्हणून या गाण्याची कीर्ती त्याच्या किमतीपेक्षा जास्त आहे. 'मेरे गली में' त्याहून सच्चे आहे. पुरावा म्हणून तर त्याची किंमत शून्य. कोणाचा टाइम आला यावरून सर्वांचा येतो हे सिद्ध होत नाही. पण हाक म्हणून ते खरोखर मोठे आहे. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, घरची भाषा वेगळी असणाऱ्या, 'तुझ्याने काय होणार' हे ऐकत वाढलेल्या मुलाला ते 'अपना' म्हणते. तेवढ्यापुरती त्याची कीर्ती मला पूर्णपणे रास्त वाटते.

वाचकमित्रहो, गाणे अवश्य गावे. येत्या गॅदरिंगला मीही गाणार आहे. फक्त ते गाताना शेजारच्या दादांनाही त्या 'अपना'मध्ये धरावे, आणि त्यांचा टाइम आला नाही तर त्यांचे कुठे चुकले हे शोधत बसू नये.