गाडी बदला, पण सामान मोजून!

कुर्ल्याला सेंट्रलवरून हार्बर पकडायची, तर आधी बॅग, डबा, छत्री चाचपून बघतो ना आपण? मग प्रोजेक्ट एका व्हर्जन कंट्रोलमधून दुसऱ्यात नेताना फाइल्स का नाही तपासत?

कुर्ल्याचं डॉन बॉस्को असो की विद्याविहारचं सोमय्या, इंजिनीअरिंगवाल्यांच्या तोंडी गिट असतंच. लिनस टॉरवाल्ड्सने ते २००५मध्ये लिहिलं. पण सीनियर्सचा किंवा इंटर्नशिपच्या ऑफिसातला जुना कोड अनेकदा सबव्हर्जन नाहीतर सीव्हीएसमध्ये असतो. तो गिटमध्ये आणताना खरा प्रश्न एकच: ही फाइल टेक्स्ट की बायनरी?

टेक्स्ट फाइलमध्ये विंडोज ओळ संपवताना दोन बाइट्स टाकतं, लिनक्स एकच. सिस्टिम हा फरक स्वतःच जुळवून देते. कोडला ते चालतं. फोटो किंवा झिपवर 'टेक्स्ट' असा शिक्का बसला, तर तीच मदत फाइल बिघडवते. पीएनजी बनवणाऱ्यांना हे माहीत होतं! त्यांनी पहिल्या आठ बाइट्समध्येच दोन्ही प्रकारचे ओळ-शेवट ठेवले. कोणी ते बदलले, तर फाइल बिघडल्याचं लगेच कळतं.

सबव्हर्जनमध्ये फाइलचा प्रकार 'प्रॉपर्टी' म्हणून नोंदवतात. गिट-एसव्हीएनने इतिहास आणला, तर त्यातली फक्त 'एक्झिक्युटेबल' ही खूण सोबत येते, बाकीच्या मागेच राहतात. मग गिट-अॅट्रिब्यूट्सची फाइल आपणच लिहायची.

मराठी मजकुराची आणखी एक गंमत. जुन्या नोटपॅडमध्ये 'युनिकोड' निवडलं की फाइल यूटीएफ-१६मध्ये सेव्ह व्हायची. तिच्यात शून्य बाइट्स असतात, म्हणून गिट तिला बायनरी समजतं. कुठली ओळ बदलली ते दाखवतच नाही, फक्त 'फाइल वेगळी आहे' म्हणतं. उपाय साधा: यूटीएफ-८.

हलवण्याआधी एवढं कराच:

● प्रोजेक्टमधल्या सगळ्या एक्स्टेन्शन्सची यादी काढा.
● फोटो, पीडीएफ, झिप बायनरी ठरवा. शेल स्क्रिप्टला लिनक्सचा ओळ-शेवट द्या.
● १०० एमबीवरची फाइल गिटहब घेत नाही. तिच्यासाठी गिट एलएफएस वापरा.
● गिट रिकामे फोल्डर ठेवत नाही. हवे असतील तर आत एखादी छोटी फाइल टाका.
● नवीन क्लोन घ्या, बायनरी फाइल्सचे चेकसम जुन्यांशी जुळवा.

हे सगळं टीमने पुश करण्याआधी. नंतर चूक सापडली, तर इतिहास पुन्हा लिहावा लागतो आणि प्रत्येकाला नवा क्लोन घ्यावा लागतो. तेही व्हायवाच्या आदल्या रात्री? नकोच!