डॉ. निखिल दातार आणि गर्भपात कायद्याची भाषा

व्यक्तिपरिचय लिहिताना जन्म, शिक्षण, पुरस्कार असा क्रम लावण्याची आपल्याला सवय असते. काही व्यक्तींचे कार्य मात्र एखाद्या मजकुराशी इतके निगडित असते की, तो मजकूर वाचल्याशिवाय त्यांचा परिचय होत नाही. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार हे अशांपैकी होत.

प्रथम शब्द पाहू. मराठीत ‘गर्भपात’ हे नाम आपोआप होणाऱ्या आणि घडवून आणलेल्या अशा दोन्ही क्रियांना लागते; भेद दाखवते ते क्रियापद. गर्भपात ‘झाला’ तर तो आघात, ‘केला’ तर 1860 च्या भारतीय दंडसंहितेनुसार गुन्हा. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती एवढाच त्याला अपवाद होता. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने ही बंदी सैल केली आणि 20 आठवड्यांची मर्यादा घातली. या कायद्याच्या कलम 3 मधील वाक्यरचना लक्षात घ्या. ठरावीक परिस्थितीत गर्भपात करणारा नोंदणीकृत डॉक्टर अपराधी ठरणार नाही, असे ते कलम सांगते. वाक्याचा कर्ता डॉक्टर आहे. स्त्रीला हक्क देणारे वाक्य तेथे नाही. संमती तेवढी तिची लागते. माझ्या मते या कायद्याची पुढील बहुतेक गुंतागुंत या एका कर्त्यापासून सुरू होते.

2008 मध्ये मुंबईतील एका दांपत्याला 20 आठवडे उलटल्यावर गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे कळले. त्यांच्यासह डॉ. दातार स्वतः अर्जदार म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेले. रुग्णाची बाजू घेऊन डॉक्टरनेच न्यायालयाचे दार ठोठावावे, ही त्या वेळी अपूर्व गोष्ट होती. (रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते गणिताचे प्राध्यापक असताना, वैद्यकाचा व्यवसाय करणारे त्या काळी बहुधा गप्पच होते.) 4 ऑगस्ट 2008 रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली. काही दिवसांनी त्या स्त्रीचा गर्भपात ‘झाला’.

डॉ. दातार सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढील वर्षांत अशाच पेचात सापडलेल्या अनेक स्त्रियांना त्यांनी न्यायालयापर्यंत जाण्यास साहाय्य केले. एकेका प्रकरणी परवानगी मिळू लागली. पण प्रत्येक स्त्रीने, पोटातला गर्भ वाढत असताना, वकील गाठावा ही अपेक्षाच क्रूर होती. 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. काही प्रवर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवडे झाली, तर वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केल्यास मर्यादाच उरली नाही. 13 वर्षांपूर्वीचे ते दांपत्य या दुरुस्तीनंतर आले असते, तर त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

याच दुरुस्तीत आणखी एक शब्दबदल झाला, त्याकडे भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करू नये. गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याच्या तरतुदीत पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे होते. तेथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे झाले. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या बदलाचाही आधार घेतला आणि 20 ते 24 आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रियांनाही लागू असल्याचे सांगितले. डॉक्टर हा कर्ता मात्र कायम राहिला.

आपल्या पालघर जिल्ह्यात हा मजकूर कसा वाचावा? गर्भातील व्यंग शोधणारी सोनोग्राफी साधारणपणे 18 ते 20 आठवड्यांदरम्यान केली जाते. मोखाडा-जव्हारच्या पाड्यावरील किंवा बोईसरच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीला त्यासाठी मजुरी बुडवावी लागते, तपासणी लांबते. 2021 च्या नियमांनुसार वैद्यकीय मंडळाने विनंती मिळाल्यापासून 3 दिवसांत मत द्यावे आणि मत अनुकूल असल्यास 5 दिवसांच्या आत गर्भपात व्हावा. ही मोजणी विनंती मंडळाच्या हाती पडल्यापासून सुरू होते. पाड्यापासून मंडळापर्यंत पोहोचण्यात गेलेले दिवस त्यात धरलेले नाहीत. ते गर्भाच्या आठवड्यांत मोजले जातात.